टोकाला गळतंय

आमच्या प्रयोगशाळेच्या खोलीत पूर्वी जनरेटरचं डिझेल ठेवायचे. हॉस्पिटलच्या मागच्या अंगाला, धुण्याच्या खोलीला लागून ती होती. डिझेलचा वास भिंतींत इतका मुरलेला की दोनदा चुना मारूनही गेला नाही. त्यात शेजारून उकळत्या चादरींची वाफ यायची आणि वर आम्ही बोकडाच्या किडन्यांची भर घालायचो. तिन्ही वासांचं मिळून जे काही तयार व्हायचं ते माझ्या ओढणीला चिकटून देवळाली कॅम्पपर्यंत घरी यायचं. बसमध्ये माझ्या शेजारची जागा सहसा रिकामी राहायची. मला त्याचं फारसं वाईट वाटत नसे, ऐसपैस बसता यायचं.

नव्वदचं दशक सरत आलं होतं. तेव्हा नाशिकच्या माणसाला नवी किडनी बसवायची तर त्याने सरळ मुंबई गाठायची, हा रिवाज होता. आमच्या सरांनी मनावर घेतलं की हे काम इथेच करायचं. सर उंच, सडपातळ, बोलायला तिखट. कपडे मात्र एकच, कडक इस्त्रीचा पांढरा शर्ट. प्रयोगशाळेत ते ॲप्रन घालत नसत. ॲप्रन घालणं म्हणजे तुमच्या टाक्यांवर अविश्वास दाखवणं, असं ते म्हणायचे. खरं तर त्यांचा आमच्या टाक्यांवर काडीचाही विश्वास नव्हता, पण शर्टावर होता.

त्यांच्या हाताखाली शिकायला आम्ही दोघं. मी जनरल सर्जरी संपवून आलेली, एकोणतीस वर्षांची, लग्न न झालेली. हे शेवटचं विशेषण माझ्या आईच्या बोलण्यात सगळ्यात आधी यायचं. दुसरा माझा सहकारी, मालेगावकडचा, माझ्याहून एका वर्षाने मागे, म्हणून मला 'मॅडम' म्हणायचा. गळ्यात तुळशीची माळ. घरात अंडंसुद्धा न शिजणारा हा माणूस दिवसभर बोकडाच्या किडन्या हाताळायचा आणि रात्री फोनवर आईला सांगायचा की आम्ही रबराच्या नळ्यांवर शिकतो. चिडला की त्याची अहिराणी बाहेर पडायची. "हाई काय शे?" असं तो पुटपुटला की समजायचं, सुई वाकडी गेली.

सरांचा नियम साधा होता. किडनी बसवताना तिची शीर आणि धमनी पेशंटच्या शिरेला, धमनीला जोडायची असते. केसाहून बारीक निळा दोरा, नखाच्या चंद्रकोरीएवढी सुई. तो जोड आधी मेलेल्या बोकडाच्या किडनीवर जमला पाहिजे. जमला की नाही हे सर डोळ्यांनी ठरवत नसत. त्यांनी पडद्याच्या दांडीला सलाईनची बाटली टांगली होती, डोक्याच्याही वर. तिची नळी किडनीच्या शिरेत खुपसायची, जोडाखाली पांढरा टीपकागद ठेवायचा आणि बाटली सोडायची. बाटलीत निळं औषध मिसळलेलं असे. टीपकागदावर एक निळा ठिपका पडला तरी नापास.

"सर, शिरेत इतका दाब नसतो," मी पहिल्याच आठवड्यात अक्कल पाजळली.

"शिरेला नसेल. मला आहे," सर म्हणाले. "इथे गळलं तर ट्रे पुसू. तिथे गळलं तर काय पुसशील?"

ओळीने तीन जोड कोरडे निघाले, तर पहिल्या ऑपरेशनमध्ये शीर मी शिवायची, असं ठरलं. नाही निघाले तर सरांचे मुंबईचे मित्र येतील आणि आम्ही दोघांनी भिंतीला पाठ लावून बघायचं. मला भिंतीला पाठ लावायची नव्हती. तोवरच्या सगळ्या शिक्षणात मी ते भरपूर केलं होतं. आतड्यापर्यंत पोचलं की कुणीतरी म्हणायचं, 'मॅडम, तुम्ही जरा रिट्रॅक्टर धरा,' म्हणजे जखमेच्या कडा ओढून धरा आणि नुसतं बघा. ह्या एका जोडासाठी मी वर्षभर डिझेलचा वास घ्यायला तयार होते.

आता किडन्या आणायच्या कुठून? नाशकातल्या द्वारका चौकाजवळ एका चाचांचं मटणाचं दुकान होतं. पहिल्या दिवशी मी तिथे उभी राहिले आणि म्हणाले, "चाचा, गुर्दा द्या." चाचांनी तो इतका निगुतीने साफ करून दिला की त्याला ना शीर उरली ना धमनी.

"ह्याच्या नळ्या कुठे गेल्या?"

"फेक दिया ना. नली कौन खाता है, मॅडम?"

"मला नळ्याच पाहिजेत."

चाचांनी सुरा खाली ठेवला. मागच्या गिऱ्हाइकाकडे बघितलं. "और गुर्दा?"

"गुर्दा राहू दे जोडलेला. पण नळ्या लांब ठेवा. आणि ती मधली मोठी नळी असते ना, तीपण."

"मॅडम, मैं गंदा माल नहीं देता," चाचा दुखावून म्हणाले. नळ्यांसकट गुर्दा देणं म्हणजे त्यांच्या हाताला बट्टा होता. मी डॉक्टर आहे, शिकायला नेते आहे, हे सांगितल्यावर ते निवळले, पण पटलं असं नाही. पुढे मी दिसले की ते दुकानातल्या पोऱ्याला हाक मारायचे, "नलीवाली डॉक्टरनी आ गई, गंदा वाला निकाल." रांगेतले लोक वळून बघायचे. माझा सहकारी तेवढा वेळ रस्त्याच्या पलीकडे स्कूटर धरून, पाठ फिरवून उभा असायचा. गावचं कुणी भेटलं तर काय सांगायचं, ही त्याची चिंता. द्वारकेवर मालेगावच्या सगळ्या गाड्या थांबतात, त्यामुळे चिंता अगदीच फुकट नव्हती.

आमच्या शिक्षणाचं वेळापत्रक कुठल्या विद्यापीठाने नाही, पंचांगाने ठरवलं. आखाडात नुसती चंगळ. गटारीच्या दिवशी चाचांकडे इतके बोकड कापले गेले की आम्ही बर्फाचे दोन डबे भरून किडन्या आणल्या आणि मान मोडेपर्यंत शिवत बसलो. मग श्रावण लागला. चाचांच्या दुकानावर माशा हाकायला पोऱ्यासुद्धा उरला नाही. संकष्टी आली की जोड नाही, एकादशी आली की जोड नाही. सर विचारायचे, "काल किती केलेत?" आम्ही म्हणायचो, "सर, काल सोमवार होता." श्रावणभर आम्ही कोंबडीच्या मांडीतल्या रक्तवाहिन्या शिवल्या. त्याही चाचांच्या मेव्हण्याने उपकार केल्यासारख्या दिल्या.

घरी सराव वेगळाच चालायचा. सरांचं म्हणणं, डावा हात उजव्याइतका चालला पाहिजे. म्हणून मी दात डाव्या हाताने घासायचे, आमटी डाव्या हाताने ढवळायचे. गाठी तर जिथे जागा मिळेल तिथे मारायचे. कपाटाची मूठ, खिडकीचा गज, गॅसच्या टाकीची कडी, सगळ्यांना काळे रेशमी दोरे लोंबत असायचे. देवळालीत लष्कराच्या तोफांचा सराव सुरू झाला की खिडक्या थरथरायच्या आणि माझी सुई हलायची. मग मी मुद्दाम तोफांच्या वेळी उशीच्या अभ्र्यावर टाके घालायला बसायचे. धडाम झालं आणि हात हलला नाही, की स्वतःवर खूश व्हायचे. आई म्हणायची, "शत्रू पलीकडे आहे गं, माझ्या उशीच्या अभ्र्याने काय केलंय?"

त्याच काळात मला बघायला एक मंडळी आली. मुलगा इंजिनियर, आईवडील सातपूरचे. पोह्यांच्या बशा मी सवयीने डाव्या हाताने पुढे केल्या. मुलाच्या आईने बशी घेतली नाही. माझ्या हाताकडे बघत राहिली. मग माझ्या आईने पुढे होऊन बशी माझ्याकडून काढून घेतली आणि उजव्या हाताने दिली. मंडळी गेल्यावर आई बशा आपटत आवरायला लागली. मी म्हटलं, "आई, उजवा मोकळा ठेवला होता. सुई धरायला."

"धर सुई आणि शिव स्वतःचं नशीब," आई म्हणाली आणि आत गेली. त्यानंतर थोड्या दिवसांनी तिने माझ्या सहकाऱ्याबद्दल चौकशी सुरू केली. मुलगा माळकरी आहे, दारूबिरू नाही, डॉक्टर आहे, वयाने थोडा लहान असला म्हणून काय झालं. मी 'हं' म्हटलं नाही आणि 'नाही'ही म्हटलं नाही. खरं सांगायचं तर मला तो माणूस म्हणून आवडायचा. दोरा धरणारा म्हणून मात्र त्याचा गळा दाबावासा वाटायचा.

कारण माझा जोड गळत होता. सगळीकडे नाही, एकाच जागी. जोडाला दोन टोकं असतात, एक आपल्याकडचं, एक पलीकडचं. अलीकडचं टोक पाण्याचा थेंब सोडायचं नाही. मागची बाजू कोरडी, पुढची बाजू कोरडी. पलीकडच्या टोकाला मात्र दर वेळी निळा ठिपका. कधी मोहरीएवढा, कधी रुपयाएवढा. सर टीपकागद उचलून उजेडाला धरायचे आणि म्हणायचे, "टोकाला गळतंय." नऊ महिने मी हे वाक्य ऐकलं. झोपेत ऐकलं, बसमध्ये ऐकलं. आमच्या न्हाणीघरातला नळ ठिबकायला लागला आणि वडील म्हणाले, "टोकाला गळतंय," तेव्हा मी जेवता जेवता ताटावरून उठले.

असं शिवताना एक सुई चालवतो आणि दुसरा मागचा दोरा ताणून धरतो. दोरा सैल पडला की टाका सैल. सुई माझी, दोरा त्याचा. त्यामुळे दोष कुणाचा, ह्यावर आमचं रोज भांडण.

"तुम्ही दोरा सोडता," मी.

"मॅडम, तुम्ही सुई तिरकी घालता," तो.

"मग अलीकडच्या टोकाला का नाही गळत?"

ह्यावर तो कानापर्यंत लाल व्हायचा. मला वाटायचं, वरमला. मी अजून बोलायचे.

सरांना वाटलं आपण ह्याचं संशोधन करू. सलग शिलाई बरी की सुटे टाके बरे, दोन्ही पद्धतींनी शिवून बघा, म्हणाले. आम्ही सगळा हिवाळा तेच केलं. बर्फाचा डबा, किडनी थंड खारट पाण्याने धुऊन पांढरीफटक करायची, शिवायची, बाटली सोडायची. अखेर मी सरांपुढे निष्कर्ष मांडला. पलीकडच्या टोकाला दोन्ही पद्धती सारख्याच गळतात.

"हा किडनीवरचा शोध नाही," सर म्हणाले. "हा तुमच्या दोघांवरचा शोध आहे."

ते किती बरोबर बोलले होते, हे त्यांना स्वतःलाही अजून कळलं नव्हतं.

दरम्यान खरा पेशंट ठरला. चांदवडकडचा, प्राथमिक शाळेतला मास्तर, तिशीचा. आठवड्यातून दोनदा एसटीने डायलिसिसला यायचा. येताना शाळेतल्या पोरांच्या शुद्धलेखनाच्या वह्या आणायचा आणि पडल्या पडल्या तपासायचा. किडनी त्याची थोरली बहीण देणार होती. तपासण्या झाल्या, समितीची परवानगी आली, तारीख पडली रंगपंचमीनंतरच्या सोमवारची. सरांनी मला बोलावून सांगितलं, "मुंबईला शुक्रवारपर्यंत कळवायचंय, यायचं की नको. मंगळवारी मी बसतो तुमच्याकडे. तीन कोरडे दाखव."

मंगळवारची तयारी म्हणून रविवारीच चाचांकडून चांगल्या लांब नळ्यांचा माल आणून बर्फात ठेवला. सोमवारी रंगपंचमी होती. मंगळवारी सकाळी बघितलं तर निळं औषध संपलेलं. बाटलीच्या तळाशी नुसता डाग.

"थांबा मॅडम," माझा सहकारी म्हणाला आणि पिशवीतून दुधाची बाटली काढली. आत गडद गुलाबी पाणी. तो जुन्या नाशकात खोली घेऊन राहायचा. तिकडे रंगपंचमीला रहाडी उघडतात. रहाड म्हणजे जमिनीत बांधलेला रंगाचा हौद, वर्षभर बुजवून ठेवलेला, त्या दिवसापुरता उघडतात आणि लोक त्यात उड्या मारतात. ह्याने उडी मारली नव्हती, पण मालकिणीच्या मुलांनी त्याच्यासाठी आठवण म्हणून बाटली भरून आणली होती. "पक्का रंग शे," तो म्हणाला. "ठिपका लपणार नाही."

लपणार नाही, ह्यात काही खोटं नव्हतं.

सर आले, पांढरा शर्ट घालून. मी शिवलं. बाटलीत रहाडीचा रंग भरला, नळी लावली, सोडली. क्षणभर सगळं छान दिसलं. मग पलीकडच्या टोकातून एक बारीक पिचकारी उडाली आणि सरांच्या खिशापासून कॉलरपर्यंत गेली. माझे हात आधीच गुलाबी झाले होते, कारण आमचे हातमोजे पुन्हा पुन्हा धुऊन वापरलेले आणि बोटाला फाटलेले. आता सरही झाले. माझ्या सहकाऱ्याने माळ हातात घेतली आणि डोळे मिटले.

सर ओरडतील असं वाटलं. सर खुर्चीवर बसले. शर्टाकडे बघितलं. म्हणाले, "आता हा गेलाच. त्यामुळे मी आता जोडाकडे बघणार नाही. हातांकडे बघतो. दुसरी घ्या."

मी पुन्हा शिवायला घेतलं. खोलीत जागा कमी, टेबल भिंतीला लावलेलं, त्यामुळे आम्ही दोघं एकाच बाजूला, खांद्याला खांदा. मागची बाजू झाली. पलीकडच्या टोकाशी आले. तिथे सुई उजव्या हातातून डाव्या हातात घ्यावी लागते, म्हणजे कोपर वर येतं.

"थांब," सर म्हणाले. मला नाही, त्याला. "तू हात का मागे घेतलास?"

"नाही, सर."

"घेतलास. ती कोपर उचलते आणि तू हात मागे घेतोस. दोरा सैल. का?"

तो कानापर्यंत लाल झाला. त्या दिवशी गुलाबी रंगामुळे नीट कळत नव्हतं, पण झाला.

"सर, मॅडमचं कोपर येतं."

"येतं. मग?"

"लागतं, सर."

"लागू दे की! कोपर आहे, कोयता नाही."

तो ट्रेकडे बघत हळूच म्हणाला, "बरं दिसत नाही, सर."

मी त्याच्याकडे बघितलं. नऊ महिने. गटारीच्या दोन डबे किडन्या, श्रावणातल्या कोंबड्या, हिवाळाभराचं संशोधन. आणि कारण काय, तर ह्या सद्गृहस्थाला एका बाईमाणसाच्या कोपराला हात लावायचा नव्हता. दर वेळी मी टोकाशी आले की तो मर्यादेने दोन बोटं मागे सरकायचा आणि त्या दोन बोटांच्या मर्यादेतून बाटली ठिबकायची. मला एकाच वेळी हसू येत होतं, रडू येत होतं आणि त्याच्या डोक्यात ट्रे घालावासा वाटत होता.

"घरी बहिणी आहेत?" सरांनी विचारलं.

"तीन, सर."

"त्यांचं कोपर लागलं तर?"

"कोपर कसलं, सर. लाथा घालतात."

"रेशमी दोरा काढ," सर मला म्हणाले. "जाडा. बांध त्याच्या मनगटाला."

"सर, फाल्गुन चालू आहे."

"मुंबईला फोन करू का?"

मी दोरा काढला. गुलाबी हातांनी त्याच्या मनगटाला काळी रेशमी राखी बांधली, दुहेरी पेच घातलेली, सर्जन मारतात ती गाठ. उरलेले दोरे सरांनी कात्रीने कापले. ओवाळणी घालायला काही नव्हतं म्हणून तो स्वतःच माझ्या पाया पडायला वाकला आणि ट्रेला डोकं आपटलं. "आता ही बहीण," सर म्हणाले. "जागचा हललास तर मी लाथ घालीन."

पुढचा जोड मी शिवला. टोकाशी आले, कोपर उचललं, ते त्याच्या बरगडीत बसलं. तो हलला नाही. दोरा तारेसारखा ताणलेला राहिला. बाटली सोडली. टीपकागद पांढरा. दुसरा पांढरा. तिसऱ्याच्या वेळी मी बघितलंच नाही, सरांच्या चेहऱ्याकडे बघत राहिले. त्यांनी कागद उचलून उजेडाला धरला, उलटा केला, पुन्हा धरला, आणि घडी करून खिशात ठेवला. खिसा आधीच गुलाबी होता.

संध्याकाळी घरी येऊन आईला आनंदाने सगळं सांगितलं. तिने पास झाल्याचं ऐकलंच नाही. "राखी बांधलीस?" ती मटकन बसली. "अगं, मी त्याच्या आईचा फोन नंबर मिळवला होता." मग थोडी आशा धरून म्हणाली, "दोराच होता ना नुसता? कापून टाकायचा."

"आई, सर्जनची गाठ आहे."

आईने आयुष्यात पहिल्यांदा माझ्या शिक्षणाला मनापासून शिव्या दिल्या. तो मात्र दुसऱ्या दिवसापासून मला 'ताई' म्हणायला लागला आणि त्याबरोबर इतका उद्धट झाला की काही विचारू नका. "ताई, सुई तिरकी," "ताई, डोळे तपासून घे." मर्यादा होती तीच बरी होती, असं मला दोन दिवसांत वाटायला लागलं.

शनिवारी मास्तरची बहीण वॉर्डात दाखल झाली. चाळिशीची, हाडापेराने दणकट, नऊवारी, कपाळावर ठसठशीत कुंकू. मी तिला सगळं समजावायला गेले. सर किडनी बसवतील, धमनी ते जोडतील, शीर मी जोडणार आहे. ती ऐकताना माझ्या तोंडाकडे बघतच नव्हती. हातांकडे बघत होती.

"हाताला काय झालं वं, बाई? रंगपंचमी लय खेळल्या जनू?"

मी 'हो' म्हणून मोकळी होऊ शकले असते. पण बाई स्वतःचा अवयव काढून द्यायला आली होती, तिच्याशी खोटं बोलवेना. म्हटलं, "नाही. बोकडाच्या किडनीत रंग भरून बघत होतो. जोड गळतो का ते."

तिने पदर सारखा केला. "मंग? गळतो?"

"आधी गळायचा. आता नाही गळत."

"आता म्हंजी कवापासून?"

"मंगळवारपासून."

ती बोटांवर काहीतरी मोजायला लागली. मंगळवार, बुधवार, मी बघत होते. ही आता उठून घरी जाणार आणि जाताना माझं नाव सांगणार, मास्तर वह्या घेऊन पुन्हा एसटीने येत राहणार.

"चार दिस झाले," ती म्हणाली. "बरं हाय." मग पलंगाच्या कडेवरून हात फिरवत म्हणाली, "त्यो लहान व्हता तवा मीच कडंवर घेऊन हिंडायची. आई शेतात असायची. माझं मी काढून देते बाई, त्येचं मला काय नाय. दिलं ते दिलं. पर तिकडं गेल्याव गळू द्यू नका." तिने माझा गुलाबी हात धरला आणि दाबला, आणि मला एकदम इतकी भीती वाटली की तोवरची सगळी भीती म्हणजे नुसता उत्साह होता असं लक्षात आलं. मी 'हो' म्हणाले.

सोमवारी सकाळी ऑपरेशन सुरू झालं. मास्तर टेबलावर, बहीण शेजारच्या थिएटरात. तिची किडनी काढून, धुऊन, पांढरी करून बर्फाच्या भांड्यातून आमच्याकडे आली. बोकडाच्या किडनीहून ती मोठी असते, हे मला माहीत होतं, तरी एवढी मोठी बघून धक्का बसला. सर समोर उभे होते, शीर धरून. माझ्या शेजारी माझा भाऊ, दोरा धरायला. मोज्याखाली त्याच्या मनगटावर काळा रेशमी दोरा तसाच होता. हात घासायच्या आधी काढ म्हटलं तर म्हणाला, "गाठ तू मारलीयेस, तूच सोड." नर्सने कात्रीने कापला, तेव्हा त्याने तुकडा घडी करून खिशात ठेवला आणि हात घासून मोजा चढवला. म्हणजे मोज्याखाली खरं तर काही नव्हतं. मला मात्र आठवताना तो तिथेच दिसतो.

मी शिवायला लागले. मागची बाजू. अलीकडचं टोक. हात हलत नव्हता, देवळालीच्या तोफांचे आभार. मग पलीकडचं टोक आलं. सुई डाव्या हातात घेतली, कोपर उचललं आणि ते त्याच्या बरगडीत असं बसलं की त्याचा श्वास मला ऐकू आला. तो जागचा हलला नाही. मी टाका घातला, पुढचा घातला, गाठ मारली.

पुढे सरांनी धमनी जोडली. मग चिमटे सोडायची वेळ आली. सर म्हणाले, "हं," आणि आधी माझ्या शिरेवरचा चिमटा काढला, मग धमनीवरचा. बटाट्यासारखी पांढरी किडनी एका बाजूने लाजल्यासारखी रंगायला लागली आणि बघता बघता सगळी गुलाबी झाली. रहाडीतली नाही, खरी गुलाबी. सरांनी पांढरी पट्टी घेतली आणि पलीकडच्या टोकाखाली सरकवली. वर्षभराची सवय, दुसरं काय.

पट्टी काढली. तिच्यावर ठिपका होता.

सरांनी दुसरी पट्टी घेतली, टोकावर बोटाने धरली आणि घड्याळाकडे न बघता छताकडे बघत उभे राहिले. मला मंगळवार, बुधवार मोजणारी ती बोटं दिसत होती. मग त्यांनी पट्टी उचलली, दिव्याखाली धरली, उलटी केली. कोरडी. पहिला ठिपका आधीचंच साचलेलं रक्त होतं. त्यांनी तिसरी लावली. तीही कोरडी.

"टोकाला," सर म्हणाले आणि थांबले. "टोकाला ठीक आहे."

मी शेजारी बघितलं. माझा भाऊ दोरा धरल्यासारखी बोटं आवळून तसाच उभा होता. गाठ मारून, दोरा कापून कितीतरी वेळ झाला होता. त्याच्या हातात निळ्या दोऱ्याचा तुकडा होता आणि तो त्याने अजून ताणून धरला होता.

"सोड आता," मी म्हटलं.

"सर म्हणतील तेव्हा," तो म्हणाला. त्याचे डोळे भरले होते आणि मास्कवरून माझेही दिसत असणार.

दुपारी मी वॉर्डात गेले. बहीण नुकती भुलीतून बाहेर आली होती, डोळे अर्धे उघडे, ओठ कोरडे. मला वाटलं, पाणी मागेल. तिने माझ्या हाताची बोटं चाचपली, ओळखली बहुतेक रंगावरून, आणि विचारलं, "गळलं?"

पलीकडच्या खोलीत तिच्या भावाच्या पलंगाखाली पिशवी टांगलेली होती. तिच्यात मी येतानाच बघून आले होते. स्वच्छ, पिवळसर, थेंबामागून थेंब पडत होता. मास्तरला कितीतरी महिन्यांत धड लघवी झाली नव्हती.

"गळतंय, आक्का," मी म्हटलं. "पिशवीत."